तीन हजारांपैकी एक : डेव्हिड शायर आणि मर्यादित आवृत्त्यांचा संग्रह

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आजच्या कार्यक्रमाची पत्रिका हातात पडण्याआधी डेव्हिड शायर हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? दोन. तिसरा हात अर्धाच वर आलाय, तो मी धरत नाही. बरं. आता दुसरा प्रश्न. 'सॅटर्डे नाइट फीव्हर'ची रेकॉर्ड किंवा कॅसेट कुणाच्या घरी होती? हे बघा, निम्मं सभागृह! म्हणजे निम्म्या सभागृहाच्या घरात हा माणूस राहून गेलाय आणि कुणाला पत्ता नाही. बी जीजच्या गाण्यांसाठी आपण ती रेकॉर्ड घेतली. तिच्यात गाण्यांच्या अधेमधे वाद्यसंगीताचे तुकडे होते, त्यातले तीन शायरचे. मुसॉर्गस्कीची प्रसिद्ध रचना डिस्कोच्या तालावर बसवलेला एक तुकडा होता, आठवतोय? तो त्याचाच. त्या अल्बमच्या जगभर चार कोटींच्या आसपास प्रती गेल्या असं सांगतात. १९७९ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि त्यात शायरचाही वाटा होता.

आडनाव शायर, त्यामुळे आपल्याला वाटतं गझला लिहीत असेल. तसं नाही. १९३७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला जन्मलेला हा अमेरिकन संगीतकार. वडिलांचा नाचगाण्याच्या समारंभांत वाजवणारा बँड होता.

आज मला बोलायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या टोकाच्या आकड्यांबद्दल. याच माणसाचं जे उत्तम काम आहे, ज्यासाठी त्याचं नाव घ्यावं असं काम, ते काही हजार प्रतींत निघालं. एक तर दोन हजारांतच. आणि तेही चित्रपट येऊन गेल्यावर वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी. या प्रती मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं जमवल्या. त्या जमवण्यात काय मिळालं आणि काय चुकलं, हे मला जरा तपासून बघायचं आहे.

आधी तीन हजार हा आकडा येतो कुठून ते सांगतो. पुष्कळांचा समज असतो की कंपनीनं भाव वाढवायला मुद्दाम कमी छापल्या. मूळ कारण वेगळं आहे. अमेरिकेत स्टुडिओत वाजवणाऱ्या वादकांची संघटना भक्कम आहे. चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत पुढे रेकॉर्ड म्हणून विकायचं असेल, तर वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागतात. साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद असेल तर हा खर्च एवढा होतो की थोड्या लोकांना हवं असलेलं संगीत कुणी छापायला धजत नाही. म्हणून छोट्या आवृत्त्यांसाठी सवलतीचा दर आला आणि त्यासोबत तीन हजारांची मर्यादा रुळली. वारेझ साराबांद या कंपनीनं १९८९ मध्ये आपला सीडी क्लब काढला. पुढे ल्यूकस केंडल या तरुणानं 'फिल्म स्कोअर मंथली' नावाचं जे पत्रक चालवलं होतं, त्यातूनच सीडी काढायला सुरुवात केली. इंट्राडा, ला-ला लँड या आणखी दोन कंपन्या. म्हणजे 'मर्यादित आवृत्ती' हा शब्द सोन्याच्या वर्खाचा वाटला तरी त्याच्या पोटात हिशेबाची वही आहे, आणि ती वादकांच्या बाजूनं लिहिलेली आहे. मला त्यात काही गैर दिसत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचं महत्त्व पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे चित्रपटाचं संगीत म्हणजे गाणी. 'शोले'चे संवाद रेकॉर्डवर आले आणि घरोघर पाठ झाले. पण पार्श्वसंगीत वेगळं छापायची चाल आपल्याकडे फार उशिरा आणि फार थोडी आली. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

या 'फिल्म स्कोअर मंथली'वाल्यांनी काढलेली पहिली सीडी कुठली? १९९६ ची. चित्रपट 'द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री', दिग्दर्शक जोसेफ सार्जंट, संगीत डेव्हिड शायर. चित्रपट १९७४ चा. चार माणसं न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा एक डबा ओलीस धरतात, एवढीच गोष्ट. बावीस वर्षं या संगीताची रेकॉर्डच नव्हती.

त्या संगीताबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण संग्रह करण्याचा खरा फायदा इथे दिसतो. शायरनं त्यात बारा सुरांची माळ वापरली. शोएनबर्गची पद्धत. सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमानं आल्याशिवाय पहिला स्वर पुन्हा घ्यायचा नाही. आपल्या कानाच्या भाषेत सांगायचं तर षड्ज नसलेलं संगीत. कुठलाच सूर घरचा नाही. हे असलं संगीत म्हणजे कोरडं, गणिती, असा आपला ग्रह असतो. शायरनं काय केलं, त्याच्याखाली बास आणि तालवाद्यांचा एक दांडगा, रस्त्यावरचा ठेका लावला. वर पितळी वाद्यं ती माळ ओरडून सांगतायत, खाली ठेका थांबायला तयार नाही. न्यूयॉर्क शहर असंच आहे की! कुणाचं कुणाशी जुळत नाही, पण गाडी वेळेवर सुटते. चित्रपट बघताना यातलं काहीही कळत नाही. नुसता अंगावर येणारा धडाका जाणवतो. सीडी हातात आल्यावर, चार वेळा ऐकल्यावर, तो ठेका बाजूला करून वरचे सूर मोजता येतात. मी मोजलेत. वहीत लिहिलेत. सोबतच्या पुस्तिकेनं त्यात मदत केली. या कंपन्यांच्या पुस्तिका हे एक वेगळंच प्रकरण आहे. कुठला तुकडा कुठल्या प्रसंगाला, कुठे कापला, का कापला, सगळं असतं. चित्रपटसंगीतावरची चांगली समीक्षा बारीक टाइपात सीडीच्या खोक्यात लपून बसलेली आहे, ती वाचायला आता मला भिंग लागतं, एवढीच तक्रार.

त्याच वर्षीचा दुसरा चित्रपट, कपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन'. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. शायर तेव्हा कपोलाचा मेव्हणा. टालिया शायर, म्हणजे 'गॉडफादर'मधली कॉनी, ही कपोलाची बहीण आणि याची बायको. घरचाच चित्रपट, त्यामुळे शायरला वाटलं आता मोठा वाद्यवृंद मिळणार. कपोला म्हणाला, एकच पियानो. शायर हिरमुसला होता म्हणतात. आणि त्याच्या कारकिर्दीतलं बहुधा सगळ्यात खोल काम त्या एका पियानोवर झालं. त्यातलं बरंचसं चित्रीकरणाआधीच लिहिलेलं होतं, नटांना ते ऐकवलं जायचं.

धून कशी आहे? डावा हात चालतोय, एकसारखा, कामावर निघालेल्या माणसासारखा. उजवा हात त्यावर काहीतरी सांगायला जातो आणि प्रत्येक वेळी अर्ध्यात वळतो. थोडी ब्लूजची छटा आहे, पण ब्लूजमध्ये जो मोकळेपणा असतो तो नाही. चित्रपटातला हॅरी कॉल, म्हणजे जीन हॅकमन, हा चोरून संभाषणं टेप करणारा माणूस. एका जोडप्याचं बोलणं तो टेप करतो आणि ती टेप पुन्हा पुन्हा ऐकतो. आवाज साफ करतो, पुन्हा ऐकतो. आणि इतकं ऐकूनही एका वाक्याचा अर्थ चुकीचा लावतो, कारण आघात कुठल्या शब्दावर आहे हे त्याला उशिरा कळतं.

हसताय ना? संग्राहकांपैकी कुणी इथे असेल तर तो हसत नसेल. बंद खोली, चांगली यंत्रणा, एकच टेप, शंभर वेळा. हा आमचाच फोटो आहे. २००१ मध्ये इंट्राडानं ही सीडी काढली. चित्रपटानंतर सत्तावीस वर्षांनी. ती मी इतक्या वेळा ऐकली की घरातल्यांनी तिला 'तुमची ती कंटाळवाणी पेटी' असं नाव ठेवलं. आणि पुष्कळ दिवसांनी मी जेव्हा चित्रपट परत पाहिला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सीडीवर तो पियानो मला दुःखी वाटायचा. चित्रपटात तो दुःखी नाही, तो पाळत ठेवतोय. मध्ये टेपची खरखर आहे, माणसांचे तुटके शब्द आहेत, वॉल्टर मर्चनं रचलेले आवाज आहेत, आणि त्यांच्यामधून तो पियानो हॅरीच्या मागे मागे चालतोय. सीडीवरून ती माणसंही गेलेली असतात आणि ती खरखरही. उरतो एकटा पियानो, आणि एकटा पियानो म्हटलं की आपण लगेच हळवे होतो. माझाही आघात चुकीच्या शब्दावर पडला होता म्हणा ना.

इथे माझा मुद्दा सुरू होतो. मर्यादित आवृत्तीनं हे संगीत वाचवलं, याबद्दल वाद नाही. पण ती ज्या रूपात वाचवते ते रूप सगळ्याच संगीतकारांना सारखं मानवत नाही. संग्राहकांच्या जगात सगळ्यात लाडका शब्द आहे 'संपूर्ण'. एकूण एक तुकडा हवा, चित्रपटातल्या क्रमानं हवा, वापरलेला हवा, न वापरलेलाही हवा, शेवटी तीन पर्यायी पाठ हवेत. ज्या संगीतकाराचं बळ भरगच्चपणात आहे त्याला हे ठीक. शायरचं बळ कुठे गप्प बसायचं हे कळण्यात आहे.

'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' घ्या. १९७६. वॉटरगेट, दोन बातमीदार. सुरुवातीलाच टाइपरायटरच्या कळा गोळ्या झाडल्यासारख्या कागदावर आदळतात. त्यानंतर जवळजवळ अर्धा तास संगीत नाही. फोन, टाइपरायटर, पंखे, माणसं. मग कुठेतरी, तुम्ही विसरलात की संगीत नावाची गोष्ट असते, तेव्हा खालून एक मंद, दबकं काहीतरी सुरू होतं. दोन तास अठरा मिनिटांच्या चित्रपटात संगीत मोजकंच. 'फिल्म स्कोअर मंथली'नं ते काढलं तेव्हा एक सीडी भरेना, म्हणून ॲलन पाकुलाच्याच 'क्लूट'चं मायकल स्मॉलनं केलेलं संगीत सोबत दिलं. 'क्लूट' मिळालं याचा आनंद आहेच. पण शायरचे तुकडे सीडीवर एकापाठोपाठ एक येतात. पहिला संपतो, दोन सेकंद शांतता, दुसरा. त्या अर्ध्या तासाची शांतता कुठे छापणार? ती तर त्याच्या संगीताचा पहिला तुकडा होती! सीडीवर तो एक बरा, मुका-मुका संगीतकार वाटतो. चित्रपटात त्यानं अर्धा तास रोखून धरलेला श्वास ऐकू येतो.

उलट्या बाजूचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. 'रिटर्न टू ऑझ', १९८५. डिस्नेचा चित्रपट, दिग्दर्शक वॉल्टर मर्च, तोच 'कॉन्व्हर्सेशन'चे आवाज रचणारा. मुलांना घेऊन आईबाप गेले आणि मुलं घाबरून बाहेर आली. चित्रपट पडला. संगीत मात्र असं आहे की शायरला आयुष्यात एकदाच वाटलं असेल, चला, आता सगळं मांडू. लंडन सिम्फनी वाद्यवृंद, प्रत्येक पात्राला स्वतःची धून, स्वतःची वाद्यं. डोरोथीची एक धून आहे आणि ऑझच्या राजकन्येची एक. दोन्ही आपल्याला वेगवेगळ्या ओळखीच्या होतात, आणि शेवटी कळतं की त्या एकमेकींवर ठेवल्या तर चपखल बसतात. या दोघी एकमेकींच्या कोण, हे त्या जोडीनंच सांगितलेलं असतं. तेव्हा एक रेकॉर्ड निघाली होती, पण निवडक. २०१५ मध्ये इंट्राडानं दोन सीडींचा संपूर्ण संच काढला, आणि इथे 'संपूर्ण' या शब्दाला अर्थ आहे, कारण धुनांचा हा प्रवास टप्प्याटप्प्यानंच कळतो. एक घ्यायचं असेल तर हे घ्या. आणि इंट्राडा आता पुष्कळदा आकडा छापतही नाही, साठा आणि मागणी असेपर्यंत मिळेल एवढंच म्हणते. आकडा काढला तर निम्म्या संग्राहकांना चुकल्यासारखं झालं. संगीत तेच होतं.

आता मित्राबद्दल. नाव सांगत नाही, त्याला आवडलं नसतं. तो आणि मी मिळून मागवायचो, कारण अमेरिकेहून एक सीडी मागवली तर सीडीपेक्षा टपालखर्च जास्त. चार एकदम मागवल्या तर परवडायचं. खोकं त्याच्या घरी यायचं, वाटेत कुठेतरी आपटलेलं, आणि आम्ही आधी खोक्याच्या तडा मोजायचो. तो गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. नंतर वहिनींचा फोन आला, "भाऊजी, या डब्यांचं काय करू? रद्दीवाला प्लॅस्टिकच्या भावानं घेतो म्हणतोय."

मी गेलो. सहाशेच्या आसपास सीडी होत्या. यादी करायला बसलो. आणि त्यातल्या जवळजवळ दोनशे सीलबंद होत्या. वरचा प्लॅस्टिकचा कागदही फोडलेला नाही. काही तर एकाच नावाच्या दोन-दोन. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, हे त्याला मीच शिकवलं होतं. मीच म्हणालो होतो की आवृत्ती संपली की भाव चौपट होतो, एक ऐकायला आणि एक ठेवायला घे. ऐकायची प्रत घ्यायला पैसे उरले नसतील तेव्हा त्यानं नुसती ठेवायचीच घेतली असणार.

त्यात शायरची एक होती. 'अपोकॅलिप्स नाउ'.

तुम्ही म्हणाल, त्याचं संगीत तर कार्माइन कपोलानं आणि खुद्द दिग्दर्शकानं केलं. बरोबर. पण आधी ते काम शायरकडे होतं. त्यानं सिंथेसायझरवर बरंच काम केलं होतं. चित्रपट लांबत गेला, लांबतच गेला, मध्ये शायरनं 'नॉर्मा रे' हा दुसरा चित्रपट घेतला, आणि कपोलाशी बिनसलं. टालियाशी त्याचं लग्नही त्याच सुमारास मोडत आलं होतं. त्याचं संगीत बाजूला पडलं. गंमत अशी की 'नॉर्मा रे'मधल्या गाण्यासाठी त्याला १९८० मध्ये ऑस्कर मिळालं, आणि ते दुसरं काम अडतीस वर्षं टेपवर पडून राहिलं. २०१७ मध्ये ला-ला लँडनं ते काढलं. दोन हजार प्रती. जो चित्रपट कुणी पाहिलेलाच नाही, त्याचं हे संगीत. इथे माझा मघाचा आक्षेपही लागू होत नाही. ज्या शांततेतून तोडून आणलं म्हणायचं, ती शांतताच कधी तयार झाली नाही. हे संगीत फक्त त्या सीडीवरच आहे.

वहिनींनी ती मला दिली. बाकीच्या सीडी एका संस्थेच्या ग्रंथालयात गेल्या, तिथे निदान लोक त्या उघडतात. ही मात्र मी घरी आणली, आणि ऐका, दोन वर्षं तशीच ठेवली. सीलबंद. कपाटात, समोरच्या फळीवर. येणाऱ्याला दाखवायचो. एकदा एका मुलानं विचारलं, "काका, कशी आहे हो ऐकायला?" मी त्याला पुस्तिकेत काय असेल ते सांगितलं. संगीत कसं आहे हे मला माहीत नव्हतं.

शायरला नंतर फिंचरनं 'झोडियॅक'साठी बोलावलं, २००७ मध्ये. १९७० च्या दशकाचा तोच दबका आवाज हवा होता म्हणून. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि त्याला तरुणपणीच्या स्वतःसारखं लिही म्हणून बोलावणं आलं. ते संगीत चांगलं आहे, पण त्यावर आज वेळ नाही, मघाशी चिठ्ठी आलीय.

एकच सांगतो. बरंच काही आता फोनवर मिळतं, मग कशाला जमवायचं, असा प्रश्न नेहमी येतो. मी जमवायला सांगत नाहीये. मी म्हणतोय की ज्यांनी जमवलंय त्यांनी ते उघडावं. पेलहॅमची माळ मी मोजू शकलो, कारण ती सीडी ओरखडे पडेपर्यंत वाजली.

या व्याख्यानाची तयारी करताना मला असं वाटायला लागलं की न ऐकलेल्या सीडीवर मी एक तास बोलणार, हे काही बरं नाही. म्हणून गेल्या रविवारी मी तिचं सील फोडलं. नखानं निघेना, सुरी आणावी लागली. मागच्या बाजूला मित्राच्या अक्षरात तारीख आणि किंमत लिहिलेली चिकटपट्टी होती, ती मात्र काढली नाही. पुस्तिका वाचण्याआधी सीडी लावली. पहिल्यांदाच असं उलट केलं.

कसं आहे ते मी सांगणार नाही. सीडी बरोबर आणलीय. मागच्या रांगेला ऐकू येतं का ते सांगा, आणि तेवढा पंखा बंद करता आला तर बघा.